पदवीनंतर पुन्हा शिकायला बसलो : शस्त्रक्रिया विषयातील एम.व्ही.एस्सी.चा माझा अनुभव

पशुवैद्यक पदवी घेऊन मंगरूळपीर तालुक्यात खासगी व्यवसाय सुरू केला, तेव्हा लसीकरण, ताप, कृत्रिम रेतन, अडकलेला जार ही रोजची कामे मला नीट येत होती. अडचण यायची ती शस्त्र हाती घ्यावे लागेल अशा जनावरापाशी. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते आणि त्या वर्षात शस्त्रक्रिया पाहायला मिळतात. परंतु चीर द्यायची की नाही, दिली तर कुठे द्यायची, हे वरिष्ठ ठरवतात आणि आपल्या वाट्याला बहुधा जनावर धरणे, सलाइन लावणे व शेवटचे टाके घालणे येते. गावात मात्र तोच निर्णय एकट्याने घ्यावा लागतो, आणि समोरच्या शेतकऱ्याची पेरणी त्याच बैलजोडीवर अवलंबून असते. म्हणून चालू व्यवसाय थांबवून दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातील पदव्युत्तर पदवी, करायची आणि विषय शस्त्रक्रिया व क्षकिरणशास्त्र हाच घ्यायचा, असे मी ठरवले.

प्रवेशाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या वाट्याच्या जागा राष्ट्रीय परीक्षेतून भरल्या जातात आणि उरलेल्या विद्यापीठ आपल्या प्रक्रियेने भरते. विषय व ठिकाण निवडताना मात्र मी पुष्कळ विचार केला. शहरातल्या चिकित्सालयात कुत्री-मांजरी जास्त येतात आणि त्यांच्या शस्त्रक्रिया शिकण्यासारख्याही असतात, पण मला परत जायचे होते ते बैल, म्हशी आणि शेळ्यांकडे. त्यामुळे मी अकोल्याची स्नातकोत्तर संस्था निवडली. आज ही संस्था महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. 2000 साली हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे होती.

सुरुवातीच्या काळात हातात शस्त्र कमी आणि सुई जास्त होती, आणि ते योग्यच होते असे माझे मत आहे. भूल नीट देता आली नाही, तर पुढचे सगळे कौशल्य वाया जाते. झायलाझिन हे गुंगीचे औषध घोड्याला जेवढे लागते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गोवंशाचे जनावर झोपते. शिवाय त्याने रवंथ थांबून पोट फुगू शकते, म्हणून आधी उपाशी ठेवणे आणि आडवे पडल्यावर तोंडातली लाळ बाहेर वाहील अशा बेताने डोके ठेवणे, हे अंगवळणी पडेपर्यंत आमच्याकडून करून घेतले गेले. डाव्या कुशीत चीर देण्यापूर्वी शेवटच्या बरगडीमागे आणि कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांपाशी मज्जातंतू बधिर करायचे असतात. पुस्तकात ही आकृती सोपी दिसते. हाडाच्या कडेवरून सुई नेमकी किती पुढे सरकवायची, हे मात्र शिक्षक शेजारी उभे असतानाच कळते.

आमच्या भागाला सर्वांत उपयोगी पडलेले शिक्षण शिंगाच्या कर्करोगाचे. हा रोग मुख्यतः काम करणाऱ्या प्रौढ बैलांना आणि बहुधा एकाच शिंगाला होतो. बैल डोके झटकतो, मान एका बाजूला कलती ठेवतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि शिंग बुडाशी सैल होऊ लागते. पोळ्याला शिंगे रंगवताना बैल एकदम मागे सरतो, तेव्हा कितीतरी घरांना त्याची पहिली शंका येते. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे बूड यांच्या दरम्यान, कपाळाच्या हाडाच्या कडेखाली बधिरतेचे औषध द्यायचे, बुडाभोवतीची कातडी सोडवून घ्यायची, तारेच्या करवतीने शिंग कवटीलगत कापायचे, रक्तवाहिन्या बांधायच्या आणि कातडीचे पदर ओढून पोकळीवर शिवायचे, असा हा क्रम आहे. गाठ कपाळाच्या पोकळीत खोलवर पसरण्याआधी जनावर आले, तर बैल पुन्हा कामाला लागतो. उशीर झाला, तर रोग उलटण्याची भीती मोठी असते. त्यामुळे शस्त्रक्रियेइतकेच सैल झालेले शिंग वेळीच ओळखायला शेतकऱ्याला शिकवणे हेही माझे काम आहे, ही जाणीव मला तिथे झाली.

प्रबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली, तेव्हा मी बोकड आणि नर वासरांची लघवी अडणे हा विषय मागून घेतला. कोरडे कुटार, त्यावर ढेप आणि कोंडा, आणि हिवाळ्यात कमी प्यालेले पाणी, यातून मूत्रखडे होतात. नराचा मूत्रमार्ग अरुंद आणि इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असल्याने खडा तिथे अडकतो. बोकडात मूत्रमार्गाच्या टोकाशी जी बारीक शेपटी असते तिच्यातही तो अडतो, आणि काही वेळा ती कापल्यावर धार लगेच मोकळी होते. तसे झाले नाही, तर पोटाला लहान चीर देऊन मूत्राशयात फोलेचा कॅथेटर बसवता येतो. लघवी नळीतून बाहेर येत राहते, तोंडावाटे अमोनियम क्लोराइड देऊन खडे विरघळवता येतात, आणि मूळ मार्ग मोकळा झाला की नळी काढून टाकता येते. या शस्त्रक्रियेला मोठे थिएटर लागत नाही, नळी स्वस्त आहे आणि स्वच्छ सावलीत गोठ्याशेजारीही ती करता येते. मूत्राशय आधीच फुटलेले असेल, तर मात्र चीर देण्यापूर्वी सलाइन देऊन जनावर सावरावे लागते. ही घाई न करण्याची शिस्त मला पुस्तकाने नव्हे, तर आमच्या मार्गदर्शकांनी लावली.

म्हशींमधील उदरपटलाचा हर्निया हा याच्या अगदी उलट प्रकार. दुसरे पोट, म्हणजे जाळीपोट, उदरपटलातून, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यातून, छातीत शिरते. म्हैस वारंवार फुगते, शेण थोडे आणि काळसर टाकते, आणि बहुतेकदा ती गाभण असते. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीने निदान पक्के होते, आधी मोठे पोट उघडून रिकामे केले जाते आणि त्यानंतर पूर्ण भूल देऊन, छातीची पोकळी उघडली जाताना कृत्रिम श्वास चालू ठेवून फट शिवली जाते. हे गावात होण्यासारखे नाही. पण वारंवार फुगणाऱ्या म्हशीला आठवडाभर पोटफुगीचीच औषधे पाजत न बसता तिला वेळेवर पुढे पाठवणे आता जमते, आणि माझ्या दृष्टीने हेही शस्त्रक्रियेचेच शिक्षण आहे.

एम.व्ही.एस्सी. ही मुळात संशोधनाची पदवी आहे, हे नव्याने येणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. लेखी अभ्यासक्रम, प्रबंध, सांख्यिकी आणि तोंडी परीक्षा यांत पुष्कळ वेळ जातो; चिकित्सालयात किती हात चालेल हे आपल्या आवडीवर आणि मार्गदर्शकांच्या विश्वासावर ठरते. म्हणून प्रबंधाचा विषय असा निवडावा, की ज्याचे रुग्ण रोज दारात येतात. प्रयोगशाळेतला विषय कमी दर्जाचा असतो असे मी म्हणत नाही, पण गावी परतून जनावरांवर उपचार करायचे असतील, तर हा भेद महत्त्वाचा आहे. रात्रीची ड्युटी आपणहून मागून घ्यावी. अडलेली गाय आणि लघवी तुंबलेले वासरू बहुधा रात्रीच येते आणि तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती खरे काम सोपवले जाते.

आता माझ्या पेटीत तारेची करवत, दोन-तीन मापांचे फोलेचे कॅथेटर आणि बधिर करण्यासाठी पुरेसे लिग्नोकेन कायम असते. ज्या रुग्णाला पुढे पाठवायचे, त्याच्यासोबत लक्षणे, दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा लिहिलेला कागद देतो आणि संस्थेच्या शस्त्रक्रिया विभागाला आधी फोन करतो, म्हणजे पिकअपमधून उतरलेल्या म्हशीची तपासणी पुन्हा मुळापासून सुरू करावी लागत नाही.