भरती पाहून निघा: सीवूड्सच्या तळ्यांवर

नेरूळला टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागे असलेली तळी आणि ठाणे खाडीचा चिखल एकाच हिशेबात धरायचा. ओहोटीला पक्षी खाडीत चरतात. भरतीचं पाणी चिखल गिळायला लागलं की कांदळवनावरून उडत येऊन तळ्याच्या उथळ पाण्यात विसावतात. म्हणून सीवूड्सची लोकल पकडण्याआधी मी पंचांग उघडतो.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा अंदाज; नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्यावी आणि खाडीत पाणी थोडं उशिरा चढतं हे धरावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दिवसाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते. तेव्हा ऊन डोक्यावर आणि हवा थरथरती. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, दिवसांत चिखल पुरता झाकत नाही, बरेच पक्षी खाडीतच राहतात. त्यामुळे द्वादशी-त्रयोदशी मला सगळ्यात सोयीची वाटते. भरतीच्या दीड-दोन तास आधी बांधावर पोचावं. सकाळी खाडीकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी राहतो, दुपारनंतर समोर काळ्या आकृत्याच उरतात.

गर्दी होते ती रोहित पक्ष्यांसाठी, आणि ते आहेतच देखणे. पण दुर्मीळ काही हवं असेल तर नजर पाण्याच्या कडेला, बोटभर खोलीत ठेवा. तिथे स्टिंट या छोट्या चिखलपक्ष्यांचे थवे असतात. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. त्याच थव्यात किंचित मोठा, आखूड पायांचा पक्षी चोच जवळजवळ उभी धरून चिखल टोचताना दिसला तर थांबा. भुवईची पांढरी रेघ डोळ्यापुढे दुभंगून दुहेरी झालेली आणि चोच टोकाशी एकदम खाली मोडल्यासारखी असेल, तर तो ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. कर्ल्यू सँडपायपरची चोच लांब आणि सबंध बाकदार असते, पायही उंच. उडताना त्याचा ढुंगणावरचा पांढरा पट्टा दिसतो; डनलिनच्या त्या जागी मधोमध काळी रेघ असते. टेरेक सँडपायपर चोचीवरून चुकत नाही: ती वर वळलेली. पाय आखूड, नारिंगी-पिवळे, आणि धाव खाली वाकून.

एप्रिलमध्ये कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतात, तेव्हा नवख्यालाही ओळखू येतात. ही जात 2024 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात गेली, म्हणून इथला प्रत्येक थवा मला मोलाचा वाटतो.

दुर्बीण 8×42 पुरते. स्कोप असेल तर सकाळी दहा वाजल्यानंतर तीसपटीच्या वर मोठेपणा वाढवू नका. उन्हाच्या लाटांत चोचीचा बाकच फसवतो. बांधावरून खाली उतरू नका. थवा एकदम मान ताठ करू लागला की तुम्ही फार जवळ आलात. विसाव्यातून उठवलेल्या पक्ष्याची, उत्तरेकडच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च होते.

तळं टिकतं ते भरतीच्या पाण्यावर. त्या पाण्याची आत यायची वाट बुजली की तळं एक तर सुकतं, नाहीतर साचलेल्या पाण्यावर शेवाळ माजतं. पाणी ढोपरभर चढलं तर स्टिंटला उभं राहायला जागा नाही, कोरडं पडलं तर रोहितांना खायला नाही. 2024 मध्ये शेजारच्या डीपीएस तलावाची हीच गत झाली. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य 2015 चं, रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा 2022 चा. तळ्यांचं पाणी अडलं तर खाडीतले पक्षी भरतीला बसतील कुठे? आलात की पाण्याच्या वाटेवरही एक नजर टाका, गाळ किंवा भराव दिसला तर फोटो काढून वनखात्याला कळवा.

पायात रंगीत कडं किंवा पट्टी दिसली तर रंग, पाय डावा की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली आणि अक्षरं, एवढं जागीच टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा.