एकोणीस पदार्थ आणि एक भाकरी

सोलापूर, शनिवार. रात्रीचे दहा.

आज गोदामातली मागची फळी आवरली. ज्वारीच्या बिस्किटांचे चाळीस डबे निघाले, सगळ्यांची मुदत उलटलेली. मग वही काढून मी विकते ते सगळे पदार्थ एकाखाली एक लिहिले. एकोणीस भरले. नऊ वर्षांपूर्वी सुरुवात केली ती फक्त कडक भाकरीवर.

यादी कशी वाढली ते नीट आठवतंय. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष, तेव्हा प्रदर्शनांत ज्वारी-बाजरीला एकदम मान आला. कुणी म्हणालं लाडू करा, कुणी शेवया, कुणी इडलीचं पीठ. मला नाही म्हणवेना. एका दुकानदाराच्या शब्दावर बिस्किटांचं यंत्र घेतलं. त्याने दोनदा माल उचलला, मग फोन घेणंच बंद केलं. हप्ते अजून चालू आहेत.

पण पैशापेक्षा जास्त लागलं ते गेल्या आठवड्यात ठाण्याच्या काकूंनी सांगितलेलं. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, "भाकरी पूर्वीसारखी नाही राहिली गं. चिवट लागते." मी कुरिअरला दोष दिला, हवेला दिला. आज शेवटी अक्कांना विचारलं. पहिल्या दिवसापासून भाकरी त्याच थापतात.

"ताई, पीठ शिळं येतंय," एवढंच म्हणाल्या.

खरं आहे. पूर्वी रोजचं दळण रोज यायचं. एवढे पदार्थ झाल्यावर मी आठवड्याचं एकदम दळून आणायला लागले. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेला चिरते. चिरू नये म्हणून अक्का ती जाड ठेवतात. जाड भाकरीत आत ओल राहते, आणि ओल राहिली की ती कडक होत नाही, चिवट होते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी लाडवांची लेबलं निवडत बसले होते.

संध्याकाळी दोन किलो ताजं दळून आणलं आणि स्वतः बसले. आधणाचं पाणी घालून पीठ मळलं, काठवटीत तळहाताने रेटत नेलं. कड फाटली नाही. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग मंद आचेवर फडक्याने दाबत बसले. पाचवी भाकरी कानाजवळ मोडली तेव्हा तो आवाज आला. कट्. कितीतरी महिन्यांनी. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

बचत गटाच्या प्रशिक्षणात लिज्जतची गोष्ट हमखास सांगतात: १९५९ साल, गिरगावातल्या सात बायका, ८० रुपये उसने. त्याच संस्थेने काडेपेट्या, अगरबत्त्या, चामड्याच्या वस्तूही करून पाहिल्या आणि ते जमलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते आधी कुणी सांगायला हवं होतं. चांगला पापड येतो म्हणून काडेपेटी येतेच असं नाही.

नंतर मंगळवेढ्याला भावाला फोन केला. पेरणी झाली म्हणाला. आमच्याकडे मालदांडीच, मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. परतीचा पाऊस सरला की काळ्या रानात धरून ठेवलेल्या ओलीवर हे पीक थंडीभर उभं राहतं. वडील त्या रानात दुसरं काही घेत नसत. शेजाऱ्यांनी ऊस लावला, तरी नाही. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आज त्यांना विचारावंसं वाटलं, पण ते नाहीत.

तर ठरलं. भाकरी. नुसती भाकरी. शेंगा चटणीसुद्धा मी करणार नाही, गटातल्या शेजारणीची घेईन, तिच्या उखळातली माझ्यापेक्षा चांगली असते. हिशोब पाहिला तर निम्म्याहून जास्त पैसा अजूनही भाकरीचाच येतो. तरी छातीत धडधड आहे. अठरा नावांवर रेघ मारताना लाडवांपाशी हात थांबला होता.

लेक बारावीला आहे. जेवताना ती बोलत असते आणि मी ऑर्डरी बघत असते. परवा बोलता बोलता ती मध्येच थांबली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. भाकरीचं काम दुपारी एकला संपतं. संध्याकाळ तिची, हेही त्याच पानावर लिहिलंय.

गिरणीवाल्या काकांना सांगून ठेवलंय, सोमवारपासून रोज सकाळी सहाला दळण. अक्का साताला येतील. ठाण्याच्या काकूंना पहिला डबा, पैसे न घेता.