भिंग आणि टाचणी

"अगंबाई, ह्या मुलगा बघायला आल्यात वाटतं!"

आज कॉफी प्यायला बसलो तर आत्याचं लक्ष भिंतीवरच्या चित्राकडे. चार नटलेल्या बायका आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून गयावया करणारा बोटभर पुरुष. एकीच्या हातात भिंग. दुसरी टोपीच्या टाचणीने त्याला टोचून बघतेय, किडा जिवंत आहे का पाहावं तशी.

चार्ल्स डेना गिब्सनचं १९०३ सालचं चित्र. नाव 'द वीकर सेक्स', म्हणजे अबला! अमेरिकन मासिकांतला हा लाडका चित्रकार. पैसेवाल्या बापांच्या मुली आणि युरोपातले कफल्लक सरदार यांच्या लग्नांचीही त्याने भरपूर टर उडवली.

टर उडवण्यासारखंच होतं म्हणा. १८९५ मध्ये गडगंज अमेरिकन घराण्यातल्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं लग्न मार्लबरोच्या ड्यूकशी, म्हणजे एका इंग्रज सरदाराशी, लागलं ते आईच्या हट्टापायी. ठरावात २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर. पुढे लग्न रद्दबातल ठरवताना आईनेच जबरदस्तीची कबुली दिली.

आत्याने हे सगळं ऐकून एकच विचारलं, "शेअर्सचं उत्पन्न कुणाला?"

"ड्यूकला."

"हं."

मग तिने फोन काढला. माझ्यासाठी आणलेलं स्थळ. फोटो दोन बोटांनी मोठा केला, नाकापर्यंत. "पॅकेज चांगलंय गं. आणि ग्रीन कार्ड होईलच."

मी पुन्हा भिंतीकडे बघितलं. आमच्या टेबलावर भिंग कुणाच्या हातात होतं आणि टाचणी कुणाला टोचत होती?