पाऊण सुताचा रिव्हेट आणि अण्णांचा हात

ओहायोतल्या हिवाळ्यात गाडी बाहेर बर्फात आणि विमान आत गॅरेजमध्ये, हे बायकोने चार वर्षं सहन केलंय. विमान म्हणजे आरव्ही-7. ओरेगनमधल्या ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं किट, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचं विमान, दोन माणसं बसतील एवढं, सगळं ॲल्युमिनियमचं. त्यात दहा हजारांच्या वर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, आहेत आणि त्यातले बहुतेक गरीब असतात. पत्र्याच्या कडेला असले की स्क्वीझरमध्ये, म्हणजे दाबायच्या चिमट्यात, धरायचे, दाबायचे, झालं. रडवतात ते पंखाच्या खालच्या पत्र्याचे.

हा पत्रा सगळ्यात शेवटी बसतो. वरचा पत्रा, पुढची गोल कड, पेट्रोलची टाकी हे आधीच लागलेलं असतं, त्यामुळे खालचा लावला की पंख म्हणजे बंद डबा. मग एक कड जागेवर धरून ठेवायची, दुसरी वहीच्या पानासारखी उचलायची, त्या फटीतून हात आत घालायचा आणि सांगाड्याच्या बरगडीमागे रिव्हेटच्या टोकाला बार, म्हणजे धातूचा जड ठोकळा, टेकवायचा. डोळ्यांना काही दिसत नाही. बाहेरून दुसऱ्याने हवेच्या दाबावर ठोकणारी गन मारायची, की आतलं टोक बारवर ठेचून पसरतं.

पहिली रांग मी एकट्याने मारली. उजव्या हातात गन, डावा हात पंखात. चौदा रिव्हेट, त्यातले पाच वाया. माझा दंड कोपराच्या जरा वर अडकायचा, बोटं पोचायची पण मनगट वळायचं नाही. बार एवढासा तिरका झाला की रिव्हेट उभा ठेचला न जाता आडवा झोपतो. असा झोपलेला रिव्हेट काढायचा म्हणजे बाहेरच्या डोक्याच्या बरोबर मध्यात ड्रिल धरायचं, डोक्यापुरतंच खोल जायचं, डोकं पंचने तोडायचं आणि उरलेला दांडा हळूच आत ठोकायचा. तिसऱ्याला माझं ड्रिल घसरलं आणि गोल भोक अंड्यासारखं झालं. त्यासाठी एक खास रिव्हेट मिळतो, त्याचा दांडा एक नंबर जाड आणि डोकं मात्र आधीच्याच मापाचं. बांधणारे सगळे त्याला ‘उप्स रिव्हेट’ म्हणतात. त्या रात्री मी पन्नास मागवले.

मे महिन्यात अण्णा आले, सहा महिन्यांसाठी. अण्णांनी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये 30 वर्षं बसच्या बॉड्या बांधल्या. हे मला जन्मापासून ठाऊक, पण पंखाशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी एक रिव्हेट उचलून चष्म्याजवळ धरला.

‘‘पाऊण सूत?’’

मी मनात हिशोब केला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचं पाऊण म्हणजे तीन बत्तिसांश. बरोबर.

‘‘आणि डॉली कुठंय?’’

मी ज्याला चार वर्षं बकिंग बार म्हणतोय ती त्यांची डॉली. माझ्याकडच्या तीनपैकी त्यांनी टंगस्टनची घेतली. ती बोटभर दिसते, पण त्याच आकाराच्या स्टीलच्या दुपटीहून जड. मग टेप मागितला आणि मार लागायचं तोंड तेवढं उघडं ठेवून बाकी सगळी डॉली गुंडाळून टाकली. माझ्या आधीच्या रांगेत बरगडीला तीन ठिकाणी पोचे का आले होते ते मला तेव्हा कळलं. हातमोजा त्यांनी नाकारला. एका जुन्या पायमोज्याचा पंजा कापला आणि उरलेली नळी मनगटापासून कोपरापर्यंत चढवली, पत्र्याची कड लागू नये म्हणून. अण्णांचा हात वाळक्या शेंगेसारखा, सरळ खांद्यापर्यंत आत गेला.

कानांवर मफ असल्यामुळे बोलणं शक्य नव्हतं, आणि अण्णांना एरवीही कमीच ऐकू येतं. (वर्कशॉपची देणगी.) म्हणून डॉलीने आतून ठोकायचं ठरलं. एक ठक म्हणजे आणखी मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे बिघडला. मी मोकळा तळवा पत्र्यावर ठेवायचो, ठक कानापेक्षा हाताला आधी कळते.

पहिला तास तरीही वाईटच गेला. बसच्या रिव्हेटची सवय, अण्णा डॉली जोरात रेटायचे आणि बाहेरचं डोकं खळग्यातून वर उठायचं. नख फिरवलं की अडकायचं. तीन ठका, पुन्हा तीन ठका. चिडून मी म्हणालो, ‘‘अण्णा, जरा हळू धरा ना.’’ ते म्हणाले, ‘‘तू आधी गन नीट टेकव. मी रेटतोय कारण तुझी गन नाचतेय.’’ दोघंही बरोबर होतो. मग कॉम्प्रेसरचा हवेचा दाब 40 पीएसआयवरून 35 वर आणला. क्रमही ठरवला. आधी गन घट्ट टेकायची, मग डॉली, मग सेकंदभराचाच मार. रेंगाळत मारलं तर रिव्हेट कडक होतो आणि पुढे दबायचं नाव घेत नाही. बरोबर बसत आला की आवाजही बदलतो, टरटर जाऊन घट्ट टकटक येते. अण्णा म्हणाले की आत डॉलीची उडी कमी होते.

चांगल्या रिव्हेटचं आतलं डोकं दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे साधारण 3.6 आणि 1.2 मिलिमीटर. गेज आत घालून पाहणं अवघड. अण्णा तर्जनीचं टोक फिरवून सांगायचे, मी मागून कॅमेऱ्याची वायर सोडून तपासायचो. पहिल्या दिवशी मी प्रत्येक तपासला. तिसऱ्या दिवशी दहातला एक.

मध्येच त्यांनी पगाराचा विषय काढला. मी सांगितलं की इथल्या नियमाप्रमाणे विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी आणि मौजेसाठी केलेलं लागतं, पैसे देऊन करून घेतलेलं त्यात धरत नाहीत. ‘‘म्हणजे फुकट,’’ अण्णा म्हणाले. चहा मात्र दर तासाला लागायचा.

पंखाच्या बुडाशी चार जागा अशा होत्या की तिथे अण्णांचीही डॉली पोचेना. अशा वेळी पॉप रिव्हेट, म्हणजे डॉली न लावता बाहेरूनच तार ओढून बसवायचा रिव्हेट, मारायचा मोह होतो, पण आपल्या मनाने नाही. कंपनीला फोटो पाठवून विचारलं, या चार जागी चालेल असं उत्तर आलं. त्यातही पॉप गनचं नाक शेजारच्या पत्र्याला अडून सरळ बसत नव्हतं. ॲल्युमिनियमच्या तुकड्याची पाचर घासली, तिला भोक पाडलं, रिव्हेटची तार त्यातून ओवली. पाचरीमुळे तार किंचित वाकते, गन तिरकी धरली तरी रिव्हेटच्या डोक्यावर दाब सपाट पडतो. अण्णांना पॉपचा तिटकारा. तो बसताना ते चहा घ्यायला आत गेले.

डावा पंख बंद व्हायला अकरा दिवस लागले, उप्स रिव्हेट सात. अण्णा ऑक्टोबरमध्ये परत गेले. उजवा पंख अजून उघडाच आहे. परवा बायकोने फटीत हात घालून पाहिला, कोपराच्या बराच पुढे जातो. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णा तिला डॉली कशी धरायची ते लाटण्यावर दाखवत होते.