असल उत्तर, 1:72 – उसाचा फड उभा राहिला

1965 च्या भारत-पाक युद्धातल्या पंजाबमधल्या असल उत्तरच्या लढाईचा छोटा देखावा मी 1:72 मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, बनवतोय. मागच्या नोंदीनंतर रणगाड्याला हात लावलेला नाही. पॅटन, म्हणजे पाकिस्तानी रणगाडा, रंगवून कपाटात ठेवलाय. सगळा वेळ जमिनीवर गेला, आणि तो तिथेच जायला हवा. सप्टेंबर 1965 मध्ये 4 माउंटन डिव्हिजनचं पायदळ असल उत्तर आणि चीमा या गावांभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे धरून बसलं, शेतांत पाणी सोडलं गेलं, आणि पाकिस्तानची 1 आर्मर्ड डिव्हिजन त्या ओल्या वावरांत शिरली. आपल्या सेंचुरियन रणगाड्यांनी तिथे मोठं काम केलं, त्यावर इथे बरंच लिहून झालंय. मी करतोय ती 4 ग्रेनेडियर्स या पायदळ पलटणीची आरसीएल जीप, म्हणजे रणगाडाविरोधी रिकॉइललेस तोफ बसवलेली जीप, त्या पलटणीतल्या अब्दुल हमीद यांची. त्यासाठी आधी ऊस हवा.

पॅटनची उंची साधारण 3.1 मीटर, म्हणजे आपल्या मापात 43 मिलिमीटर. ऊस मी 33 चा ठेवला. फडात पॅटन उभा केला की वरचा सेंटीमीटरभर टरेट (तोफेचा फिरता घुमट) पानांच्या वर येतो. जीप ठेवली की तोफेसकट गडप होते. पुस्तकांत कितीदा वाचलं होतं, पण डोळे फडाच्या पातळीला नेऊन बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. आतल्या कमांडरला चहूकडे पानंच पानं, आणि बाहेरच्याला त्याचं डोकं लख्ख दिसतंय!

उसाच्या कांड्यांना जळालेल्या मोटरपंपाची तांब्याची तार वापरली. पात्यांसाठी शिंदीचा फडा ब्लेडने उभा चिरला. कागदापेक्षा शंभरपट बरा, कारण पातं आपोआप वाकतं.

106 मिमी आरसीएलची नळी 3.4 मीटर, म्हणजे 47 मिलिमीटर. जीपची लांबी 46! एवढी लांब नळी किटमध्ये नव्हती. जनावरांच्या इंजेक्शनच्या दोन जाड सुया जोडल्या. मागे चेंबरचा भाग फुगीर असतो, जोड त्यातच लपला. नळीवरची .50 ची नेम धरायची रायफल अजून बाकी आहे. तिच्या माउंटचा डाव्या बाजूचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर कृपया टाका.

मातीबद्दल इकडच्या मंडळींसाठी खास. आपली कपाशीची काळी माती वापरू नका. रंग तर चुकतोच, शिवाय फेविकॉलमध्ये वाळताना भेगा पडतात. पंजाबातली जमीन गाळाची, फिकट. मी नदीकाठचा गाळ ओढणीतून चाळून घेतला.

फसलेल्या पॅटनचे चाकोरे मात्र जमत नव्हते. शेजारचे काका बघून म्हणाले, "ओल्या वावरात रेस देल्ली का ट्रॅक्टर पोटावर बसते, भाऊ." तेच सूत्र धरलं. पॅटन सुमारे 45 टनांचा, तो तर बसणारच. आता पट्ट्यांच्या मागे चिखलाचे ढीग आहेत, पुढे नाहीत, आणि पोट थेट मातीला टेकलंय. पाण्यासाठी रेझिन दोन पातळ थरांत ओततोय. आपल्याकडच्या उन्हात एकदम जाड थर ओतला तर तो तापतो आणि तडकतो.

एक मोठा निर्णय झाला. देखावा ज्यावर उभा करतोय तो 60 बाय 40 सेंटीमीटरचा पाट म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम 43 बाय 29 मीटर जागा. तेवढ्यात जीप आणि पॅटन दोन्ही बसवले तर लढाई खोटी दिसते. म्हणून दोन पाट करतोय. ते ओसरीत साडेतीन मीटर अंतरावर राहतील, म्हणजे प्रत्यक्षातले 250 मीटर झाले. बघणाऱ्याने जीपमागे बसून समोरचा टरेट शोधायचा.

आता माणसं. आरसीएल झाडली की मागून ज्वाळा आणि धुरळा उसळतो, जागा उघडी पडते, जीप लगेच हलवावी लागते. म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंगवरच बसेल, आणि नळीच्या मागचा पट्टा पूर्ण मोकळा. तिथल्या धुरळ्यासाठी घरचाच कापूस पिंजून ठेवलाय.