एक जुलैची गेटबंदी आणि आमची आफ्रिका

पेंच आणि कान्ह्याची गेटं दरवर्षी 1 जुलैला बंद होतात. ताडोब्यातही पावसाळ्यात धंदा नावापुरताच. 2006 साली नोकरी सोडून नागपुरातून जंगल सहली सुरू केल्या तेव्हा हे मला ठाऊक होतं, पण ऑगस्टचं दुकानभाडं कसं भरायचं याचा विचार काही केला नव्हता. पहिली पाच-सहा वर्षं जुलै ते सप्टेंबर आम्ही अक्षरशः बसून काढले. जिप्सी ताडपत्रीखाली, ड्रायव्हर गावी धानाच्या रोवणीला, आणि ऑफिसात मी आणि बायको समोरासमोर. ती हिशेबाची वही उघडायची आणि मी बाहेर पाऊस बघायचो.

आमचे एक जुने पाहुणे, बँकेतून रिटायर झालेले काकाजी, नैरोबीला पुतण्याकडे जाऊन आले होते. एकदा चहाला आले आणि सहज बोलून गेले, "तुमची गेटं बंद होतात ना जी, नेमका तेव्हाच तिकडचा सीझन लागतो."

खरंच होतं ते. तेरा-पंधरा लाख वाइल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी तिकडची मोठी हरणं, आणि त्यांच्यासोबत लाखांनी झेब्रे पावसामागे, म्हणजे गवतामागे, वर्षभर गोल फिरत असतात. बहुतेक काळ ते टांझानियाच्या सेरेंगेटीत. जुलैच्या आसपास त्यांचे कळप मारा नदी ओलांडून केनियातल्या मसाई मारात यायला लागतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत फिरतात. आमचे रिकामे तीन महिने म्हणजे तिकडचा भरगच्च हंगाम. वाघाच्या धंद्यातल्या माणसाला सिंहाकडे कोणी ढकललं असेल, तर त्या गेटबंदीनं.

पहिली सहल ऑगस्ट 2012 मध्ये गेली. अकरा पाहुणे, आठ दिवस. तो कार्यक्रम आज वाचला की मलाच दम लागतो. नैरोबी, अंबोसेली, नकुरू, नैवाशा, मारा. "एवढे पैसे देतात तर सगळं दाखवलंच पाहिजे" हा हिशेब. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर तिथे आख्खा दिवस खातं. नारोकच्या पुढे माराच्या गेटपर्यंतचा रस्ता तेव्हा नुसता दगडधोंड्यांचा. तिकडचे ड्रायव्हर त्याला हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणायचे. आता तिथे डांबर पडलंय, पण तेव्हा आमच्या एका काकूंची कवळी त्या मसाजात निघाली होती. आठातले चार दिवस आम्ही गाडीत काढले आणि किलिमांजारो तेवढा ढगात राहिला. तो डोंगर पहाटे दिसतो. अंबोसेलीत एकच रात्र काढणाऱ्याला तो दर्शन देईलच असं नाही, हे मला नंतर कळलं.

त्याच सहलीत माराच्या कॅम्पवर पोचलो तर मॅनेजर म्हणाला, तुमच्या नावावर खोल्याच नाहीत. मधल्या एजंटाने आमचे पैसे पुढे दिलेच नव्हते. संध्याकाळचे सहा, आणि मागे अकरा माणसं पाय मोकळे करत उभी. माझ्या कार्डाची मर्यादा दोन खोल्यांतच संपली. ते बँकेवाले काकाजीही त्या सहलीत होते. त्यांनी आपलं फॉरेक्स कार्ड काउंटरवर ठेवलं. मला म्हणाले, "घरी गेल्यावर बघू. आता बायामाणसांना चहा मिळू दे." ते पैसे फेडायला मला पुढचा मार्च उजाडला. तेव्हापासून कॅम्पचे पैसे आम्ही थेट कॅम्पला पाठवतो. मधल्या माणसाला त्याचं कमिशन वेगळं.

नकुरूची गोष्ट मात्र सगळ्यात जास्त अंगाशी आली, कारण त्यात चूक माझीच होती. आमच्या पत्रकावर मोठ्ठा फोटो होता: गुलाबी तलाव, काठापासून क्षितिजापर्यंत फ्लेमिंगो. फोटो जुना होता आणि तलाव बदलला होता. 2010 नंतर रिफ्ट व्हॅली या तिकडच्या लांबलचक खोऱ्यातल्या तलावांचं पाणी वाढत गेलं. नकुरूचं पाणी खारं, सोड्याचं. त्यात वाढणाऱ्या शेवाळावर, म्हणजे स्पिरुलिनावर, हे पक्षी जगतात. गोडं पाणी मिसळत गेलं तसं शेवाळ कमी झालं आणि पक्षी बोगोरियासारख्या दुसऱ्या तलावांकडे निघून गेले. उद्यानाचं जुनं गेटसुद्धा पाण्याखाली गेलं. काठावरची पिवळ्या सालीची बाभळीची झाडं पाण्यात उभ्या-उभ्या वाळली, नुसते पांढरे खुंट.

2014 साली आमची गाडी त्या काठावर उभी राहिली. लांब कुठेतरी दोन-अडीचशे पक्षी होते. एका गुरुजींनी दुर्बीण खाली घेतली, पत्रकाची घडी उलगडून फोटो माझ्यासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, "हे कुठं आहे जी?" मागून त्यांच्या सौ. म्हणाल्या, "यापेक्षा जास्त तर आपण भिगवणला पाहिले." गाडीत कोणी हसलं नाही. त्याच दिवशी दुपारी आम्हाला काळा आणि पांढरा दोन्ही गेंडे दिसले, दोन्ही जवळून. पण परतीच्या फॉर्मवर गुरुजींनी एकच ओळ लिहिली: "फोटो बदला."

बदलला. नकुरू आम्ही सोडलं नाही, गेंड्यांसाठी आजही अर्धा दिवस ठेवतो. पण पत्रकावर आता आमच्याच पाहुण्यांनी काढलेले, फार तर दोन वर्षं जुने फोटो असतात. त्यातले काही धूसर आहेत. असू देत.

नैवाशाचा एक मुक्काम मात्र दोन केले. हे गोड्या पाण्याचं तळं, समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरच्या वर. जुलैत तिथे स्वेटर लागतो आणि आफ्रिकेत थंडी वाजते यावर आमच्या पाहुण्यांचा विश्वास विमानातून उतरेपर्यंत बसत नाही. काठाने गुलाबांचे मोठमोठे मळे आहेत. सकाळी लाइफ जॅकेट घालून होडीत बसायचं आणि पाणघोड्यांपासून अंतर राखून फिरायचं. रात्री तेच पाणघोडे गवत खायला हॉटेलच्या हिरवळीवर येतात, त्यामुळे जेवणघरातून खोलीपर्यंत टॉर्चवाला माणूस सोबत लागतो. अमरावतीच्या एका ताईंनी खिडकीचा पडदा सरकवला तर काचेपलीकडे चार हातांवर पाणघोडा गवत उपटत होता, कराकरा आवाज करत. त्या पलंगावर बसून पाऊण तास बघत राहिल्या. त्यांनी नंतर सिंह पाहिले, बिबट्या पाहिला, पण नागपूर स्टेशनवर जावयाला पहिली गोष्ट सांगितली ती पाणघोड्याची.

आता नदीबद्दल. मारा नदीचं 'क्रॉसिंग', म्हणजे कळपांनी नदी ओलांडणं, बघायला सगळं जग तिथे येतं, आणि ते दाखवण्याची हमी देणारा टूरवाला एकतर नवा आहे किंवा खोटं बोलतोय. मीही पहिली दोन वर्षं हमी देत होतो. 2013 मध्ये सकाळी नऊपासून आम्ही काठावर थांबलो होतो. समोर उतारावर हजारेक जनावरं. त्यांचा तो घशातला 'न्यूंऽ, न्यूंऽ' आवाज सतत चाललेला. वर्धेचे एक शेतकरी पाहुणे म्हणाले, "हा तर पोळ्याआधीचा बैलबाजार." पुढचे झेब्रे पाण्यात खूर बुडवायचे, मगरीची हालचाल दिसली की दचकून मागे, आणि त्यांच्यामागे सगळा कळप धुळीचा लोट उडवत वर. असं चार वेळा झालं. दोन वाजले. गाडीत कुरबूर सुरू झाली, लॉजवरचं जेवण तीनला बंद होणार होतं. मी हात वर करायला सांगितलं. सात विरुद्ध चार. आम्ही जेवायला गेलो.

अडीचला कळप उतरला. ड्रायव्हरच्या वायरलेसवर ते कळलं तेव्हा माझ्या ताटात वरण पडलं होतं.

त्या दिवसापासून दोन नियम झाले. नदीच्या दिवशी डबा गाडीतच, आणि मतदान नाही. कधी थांबायचं, कधी निघायचं हे गाडी चालवणारा ठरवेल. पत्रकावर आम्ही छापतो: 'क्रॉसिंग दिसेलच असं नाही.' हे वाचून काही जण दुसऱ्या कंपनीकडे जातात. जाऊ देत. ताडोब्यातही वाघाची हमी मी कधी दिली नव्हती, मग मारात जाऊन माझी जीभ एवढी सैल का सुटली कोणास ठाऊक.

गाडी चालवणारा म्हणजे आमचे म्झे. स्वाहिलीत वडीलधाऱ्या माणसाला 'म्झे' म्हणतात, आपल्याकडे 'बाबूजी' म्हणावं तसं. 2013 पासून ते आमच्यासोबत आहेत. उंचनिंच, बोलणं कमी. गवत कुठे वेगळं हललं हे त्यांना गाडी चालवताना दिसतं. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा तिथला नियम आहे. सीझनमध्ये तो सर्रास मोडला जातो, पण म्झे सहावी गाडी कधी लावत नाहीत. पाहुणे चिडतात. ते इंजिन बंद करून म्हणतात, "पोले पोले." हळूहळू.

त्यांच्यामुळेच कळलं की भाषा वाटते तेवढी परकी नाही. गाडीला ते 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', आंब्याला 'एम्बे'. चहाला 'चाय' आणि चपातीला चपातीच. आमच्या बायाबापड्यांचं इंग्रजीवाचून म्झेंशी छान जमतं.

जेवणाचा प्रश्न त्यांनीच सोडवला, न कळत. मारातल्या लॉजमध्ये शाकाहारी म्हटलं की उकडलेल्या भाज्या आणि बटाटा. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचे चेहरे उतरायचे. 2015 पासून आम्ही नागपुरातून स्वयंपाकी नेतो. नैरोबीत गुजराती दुकानांतून डाळ, तांदूळ, बेसन सगळं मिळतं, इथून फक्त मसाले न्यायचे. एकदा कणीक संपली. लॉजच्या भटारखान्यात उगाली तयार होती. ही मक्याच्या पांढऱ्या पिठाची, आपल्या उकडीपेक्षा घट्ट, हातात घेऊन वळता येईल अशी. आमच्या महाराजांनी तिच्यासोबत पिठलं वाढलं, वर भिवापुरी मिरचीचा ठेचा. म्झेंनी उगालीचा गोळा अंगठ्याने दाबून खळगा केला, त्यात पिठलं भरलं, खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ताट पुढे केलं. आज आमच्या प्रत्येक सहलीत चौथ्या रात्री उगाली-पिठलं असतं, आणि लोक ते मागून खातात.

पिवळ्या कार्डाची गोष्ट टूरच्या आधीच्या बैठकीत मी दरवेळी सांगतो. केनियाहून भारतात परतताना यलो फीवरची लस घेतल्याचं कार्ड लागतं. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि कार्ड नसेल तर इथे विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी ती घ्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारावं लागतं, म्हणून आम्ही बुकिंगची रक्कम डॉक्टरांच्या होकारानंतरच घेतो. आमचे निम्मे पाहुणे साठीचेच. तर, एक दांपत्य नैवाशाच्या हॉटेलच्या लॉकरमध्ये दोन्ही कार्डं विसरलं. आठवलं कधी, तर नैरोबीत, विमानाला सात तास उरलेले असताना. म्झे आम्हाला सोडून घरी निघाले होते. फोन केला. नव्वद किलोमीटर जाऊन, तेवढंच परत येऊन, ते चेक-इन बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी रांगेत उभे राहिले, कार्डं शर्टाच्या खिशात, खिशाचं बटण लावलेलं.

पैशांचं म्हणाल तर धंदा लोकांना वाटतो तितका गुबगुबीत नाही. ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलीवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे बुकिंगसोबतच आगाऊ घ्यायचा कर, आला, 2023 मध्ये सात लाखांच्या वरच्या रकमेवर तो वीस टक्के झाला. रिटर्न भरल्यावर परत मिळतो हे पेन्शनर माणसाला समजावण्यात बायकोचे दिवस जातात. 2024 मध्ये माराचं शुल्क जुलै ते डिसेंबरसाठी माणशी रोज 200 डॉलर झालं, आणि तिकीटही चोवीस तासांऐवजी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालायला लागलं. आम्ही तोवर दोन तुकड्यांचं बुकिंग जुन्या हिशेबाने घेऊन बसलो होतो. पाहुण्यांकडून वाढीव मागायचे की नाही यावर घरात आठवडाभर वाद झाला. नाही मागितले. त्या वर्षी आफ्रिकेने आम्हाला काही दिलं नाही.

कोविडचं फार सांगत नाही. मार्च 2020 मध्ये विमानं थांबली, आणि आमच्या त्या स्वयंपाकी महाराजांनी दोन वर्षं ऑफिसातून डबे पुरवले. त्यावर भाडं निघालं. एवढंच.

टांझानियाही दोनदा करून बघितला. मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून असले तरी पर्यटकांना मधून जाता येत नाही, इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घ्यावा लागतो. एका पूर्ण दिवसाची माती. शिवाय वाइल्डबीस्टची पिल्लं जन्मतात ती फेब्रुवारीत, आणि तेव्हा आमचं ताडोबा ऐन भरात असतं. माणसं कुठून आणायची? सोडून दिला.

आता कार्यक्रम असा आहे: दोन रात्री नैवाशा, नकुरूचा अर्धा दिवस, चार रात्री मारा. अंबोसेली ज्यांना हवं त्यांच्यासाठी वेगळी सहल. गाडीत सहाच माणसं, प्रत्येकाला खिडकी. वर्षाला तीन तुकड्या, त्याहून जास्त नाही. खाऊ प्लास्टिकच्या पिशव्यांतून नेऊ देत नाही, केनियात 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे. आईच्या भिशीतल्या बायका आमच्यासाठी कापडी पिशव्या शिवतात.

काल पेंचची गेटं बंद झाली. रात्री म्झेंचा व्हिडिओ आला, नदीकाठचा. पलीकडच्या उतारावर थोडे काळे ठिपके. कळप यायला लागलेत, पण उतरत नाहीत म्हणे. खाली आणखी एक ओळ होती: पिलीपिली आणायला विसरू नका, मागच्या वेळची संपली. बायकोने सकाळीच इतवारीतून दोन किलो भिवापुरी मागवली आहे.