दोनदा शिवलेली कुंची

धाकटी बहीण निफाडला असते. डिसेंबरात तिचा फोन आला, "ताई, बाळाला टोपरं घालावं तर पाठ उघडी, शाल गुंडाळावी तर पाच मिनिटांत पायाशी." निफाडची थंडी आम्हा नाशिककरांना सांगायला नको. पारा एक आकडी झाला की तिथे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात.

आईने ट्रंकेतून आजीच्या हातची कुंची काढली. डोकं, कान, मान, पाठ, सगळं एकाच कापडात. हल्ली कुंची बारशाच्या फोटोपुरती उरलीय. बाजारातल्या बहुतेक सॅटिनच्या, आत कापसाचा पत्ता नाही. "अशीच शिवते," मी म्हटलं. आई काही बोलली नाही, डब्यातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, तेवढं पुढे केलं.

मेन रोडवरून कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणला, गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस. अस्तराला नवंकोरं मलमल. आयत कापला १६ इंच रुंद, २४ इंच लांब. तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४० सेंटिमीटर, म्हणजे १६ इंच. हिशोब बरोबर होता. अस्तरावर कापूस पसरला, वर खण, कच्चे टाके, मग बोटभर अंतरावर धावदोरा. हा धावदोरा शोभेचा नाही. तो नसेल तर दोन धुण्यांत कापसाचे गोळे होतात.

इथपर्यंत झकास. आयत उभा दुमडून वरची कड शिवली, मागचं टोक चुण्या घालून गोल केलं आणि मानेशी आले. तिथे चुण्या बसेचनात. एक सुई मोडली, दुसरी वाकली. कशीबशी आवळली तर पाठीचा भाग फळीसारखा ताठ उभा! आई म्हणाली, "अगं, बाळाला घालायचीय की पत्र्याची करतेस?"

मग जुनी कुंची पुन्हा मांडीवर घेतली. बोटांनी चाचपत गेले, तर मानेच्या पट्ट्यात दोन बोटं रुंदीत कापूसच नव्हता. आजीने तो मुद्दाम गाळला होता. एका कडेला शिवण उसवली होती, तिथून आत डोकावले. अस्तर जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आणि मी कोरं कापड लावून बसले होते, तेही न धुता.

सगळं उसवलं. खण भिजवून सुकवला. बाबांचं जीर्ण धोतर फाडलं. कापूस निम्म्यावर आणला, मानेशी अजिबात नाही. दोरा मेणाच्या वडीवरून ओढून घेतला, त्याने गुंता होत नाही. कडेला हिरवी मगजी, म्हणजे कापडी पट्टीची किनार. तिची पट्टी उरेब, म्हणजे तिरकी, कापावी लागते, नाहीतर वळणावर ताणते. हे एकच काम मला पहिल्यांदाही नीट जमलं होतं, म्हणून आवर्जून सांगते. बंद आखूड ठेवले, मानेला गुंडाळले जायला नकोत. बाळ झोपलं की कुंची काढायची, हेही बहिणीला बजावलं.

अकरा संध्याकाळी गेल्या. बाळाने पहिल्याच दिवशी डावा बंद चोखून ओला केला. बहिणीचं आता म्हणणं, पुढच्या वर्षासाठी १८ इंची हवी. बाबांचं दुसरं धोतर अजून जीर्ण झालेलं नाही.